थर लागतात, उतरण्याचं काय?

परभणी जिल्ह्यात माणसांच्या मनोऱ्याशी आपली पहिली गाठ पडते ती शाळेच्या मैदानावर. 26 जानेवारी, 15 ऑगस्ट किंवा मराठवाडा मुक्तिसंग्रामाचा आपला 17 सप्टेंबर. ध्वजवंदन होतं, कवायत आणि लेझीम होते, आणि मग शिट्टी वाजते. पहिल्या शिट्टीला खालची रांग हात-गुडघे टेकून बसते, दुसरीला वरची मुलं चढतात, तिसरीला टोकावरचा पोरगा उभा राहून तिरंगा उंचावतो. पालक मोबाइल वर करतात, टाळ्या पडतात. चौथ्या शिट्टीला मनोरा उतरतो, तेव्हा मात्र सूत्रसंचालकाने पुढच्या कार्यक्रमाचं नाव पुकारलेलं असतं आणि मैदानाचं लक्ष भलतीकडे गेलेलं असतं.

सेलू, जिंतूर, गंगाखेडसारख्या गावांत आता दहीहंडीही चौकात आली आहे. डीजे, पुढाऱ्यांचे फलक आणि बक्षिसाचा आकडा, सगळं मुंबई-ठाण्याच्या वळणावर. म्हणजे शाळेतला मनोरा आणि चौकातला थर अशा दोन अंगांनी ही कला आपल्याकडे वाढते आहे. तिच्याबद्दल बोललं जातं ते मात्र कोणी पडल्यावर, किंवा मुलींनी काय घालून चढावं यावरून वाद झाल्यावर. हे दोन्ही वाद खरे आहेत, पण आपण ते चुकीच्या टोकाकडून घालतो आहोत. आपले सगळे नियम किती उंच जायचं आणि कोणी जायचं एवढंच विचारतात. खाली कसं यायचं हे कोणी विचारत नाही.

नियमांचा इतिहास पाहिला की हे स्पष्ट होतं. ऑगस्ट 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका जनहित याचिकेवर आदेश दिला: 18 वर्षांखालील कोणीही थरात नको आणि उंची 20 फुटांच्या वर नको. काही दिवसांतच सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. 2016 मध्ये त्याच न्यायालयाने दोन्ही बंधनं पुन्हा लागू केली, आणि ऐन सणाच्या तोंडावर मंडळं आणि पक्ष रस्त्यावर उतरले. 2017 मध्ये प्रकरण उच्च न्यायालयाकडे परत आलं. उंची ठरवणं हे आमचं काम नाही, असं म्हणून न्यायालयाने फुटांची अट सोडली. 14 वर्षांखालील मुलांना थरात घेणार नाही, हे राज्य सरकारचं निवेदन तेवढं नोंदवून घेतलं. तीन वर्षांच्या या न्यायालयीन चढउताराचं फलित दोन आकड्यांत मावतं: 18 चे 14 झाले आणि 20 फुटांचं काहीच राहिलं नाही.

पुढे 18 ऑगस्ट 2022 रोजी, हंडीच्या आदल्या दिवशी, तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधानसभेत दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला. गोविंदांना नोकरीतल्या 5 टक्के क्रीडा आरक्षणाचा लाभ आणि मृत्यू झाल्यास कुटुंबाला 10 लाख रुपये, अशा घोषणा सोबत होत्या. 2023 मध्ये वरळीत छताखाली प्रो गोविंदा लीग सुरू झाली. खेळ म्हणून मान्यता मिळाली याचा आनंद आहे. पण खेळ म्हटला की त्याला मार्गदर्शकाची पात्रता लागते, सरावाचे नियम लागतात, गुण कशाला द्यायचे याचा तक्ता लागतो. गल्लीतल्या पथकापर्यंत यातलं काय पोचलं? ऑगस्ट 2025 मध्ये दहिसरला 11 वर्षांचा एक मुलगा सणाच्या आधी, सरावात, थरावरून पडून गेला. 14 ची अट तेव्हा लागू होती. सणाच्या दिवशी पोलीस असतात, कॅमेरे असतात, आयोजकाला परवानगीची कागदपत्रं दाखवावी लागतात. सराव होतो रात्री, गल्लीत किंवा डांबरी रस्त्यावर, आणि महिना-दीड महिना चालतो. सगळ्यात जास्त वेळा माणसं चढतात-उतरतात ती सरावात, आणि तिथेच नियम पोचत नाही.

दहिसरच्या घटनेनंतर काही दिवसांतच, 16 ऑगस्ट 2025 ला, ठाण्यात दहा थर लागले. 2012 मध्ये जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने ठाण्यातच नऊ थर लावून 43.79 फुटांचा जागतिक विक्रम केला होता, त्याच्याही पुढची ही मजल. त्या मुलांच्या मेहनतीबद्दल मला आदरच आहे. दहा थर उभे करायला नुसतं धाडस पुरत नाही. शेकडो जणांची शिस्त आणि खालच्या माणसाचा न हलणारा खांदा लागतो. पण बक्षीस ज्या क्षणाला जाहीर होतं तो क्षण बघा. वरचा एक्का सलामी देतो आणि आकडा पुकारला जातो. खालचे नऊ थर अजून तसेच उभे असतात, पायांना कंप सुटलेला असतो, आणि हिशेबाच्या दृष्टीने त्यांचं काम संपलेलं असतं.

स्पेनच्या कॅटालोनियात अशाच मनोऱ्यांची दोनशे वर्षांहून जुनी परंपरा आहे. तिथे त्यांना कास्तेल म्हणतात. 2010 मध्ये युनेस्कोने त्यांना मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. त्यांच्या स्पर्धांत मनोरा लागला की काही गुण मिळतात. लागला आणि नीट उतरलाही, तर जास्त मिळतात. त्यामुळे टोकावरच्या मुलाने हात वर केला तरी चौकातला जमाव श्वास रोखूनच असतो. शेवटचा थर मोकळा झाला की खरा जल्लोष होतो. 2006 मध्ये मातारो गावच्या पथकातली 12 वर्षांची मुलगी पडून गेली, आणि त्यानंतर वरच्या मुलांना खास बनवलेलं हेल्मेट आलं. मुलं वर जाणं त्यांनी बंद केलं नाही, तिथे आजही लहान मुलंच टोकावर जातात. फरक पायाच्या गर्दीत आहे. तिला ते पिन्या म्हणतात. शेकडो माणसं छातीला पाठ लावून, हात वर करून दाटीने उभी राहतात. वजन तोलायचं आणि कोणी पडलंच तर अंगावर झेलायचं, अशी दोन कामं तो जमाव करतो. आपल्याकडेही खालचा घेर असतो, पण घेराबाहेरची गर्दी पाण्याचे फवारे आणि गाणी यांत असते. तिला काम दिलं तर ती उपयोगाला येईल.

शाळांसाठी धडा घ्यायचा तो जपानकडून. तिथे क्रीडादिनाला मुलांचे मनोरे रचण्याची फार जुनी पद्धत होती, अगदी आपल्या प्रजासत्ताक दिनासारखी. कोणाचे किती थर, अशी शाळाशाळांत चढाओढ लागली. या प्रकारात वर्षाला आठ हजारांहून जास्त मुलं जखमी होत असल्याचे आकडे समोर आले. 2015 मध्ये ओसाकाजवळच्या याओ शहरात एका शाळेचा दहा थरांचा मनोरा कोसळला आणि त्याचं चित्रण देशभर पाहिलं गेलं. 2016 मध्ये ओसाका शहराच्या शिक्षण मंडळाने मनोरे सरळ बंद केले. आपल्याकडे अशी मोजणी होते का? मैदानावर हात मोडला तर मूल दवाखान्यात जातं, घरचे म्हणतात खेळताना पडला, आणि विषय मिटतो. नोंदच नसेल तर नियम कशाच्या आधारावर करणार? बंदीचा मी पुरस्कर्ता नाही. पण आपण डोळे मिटून चाललो तर एखाद्या मोठ्या अपघातानंतर बंदीच येईल, आणि मैदानावरची एक चांगली गोष्ट आपण गमावून बसू.

चांगली गोष्ट मुद्दाम म्हणतो. मनोऱ्यात वर्गातल्या दांडग्या पोराला पहिल्यांदा मान मिळतो, कारण पाया त्याचा असतो. वरच्याचा पाय आपल्या अंगावर आहे तोवर हलायचं नाही, ही जबाबदारी पाठ्यपुस्तकातून शिकवता येत नाही. पण ते शिकवायला शिकवणारा हवा. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत स्वतंत्र क्रीडाशिक्षक नसतो. मनोरे बसवतात ते गणिताचे नाहीतर मराठीचे गुरुजी किंवा बाई, स्वतःच्या हौसेने, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, आठ-दहा दिवसांत. त्यांची हौस नसती तर एवढंही झालं नसतं. दोष त्यांना देणं अन्यायाचं होईल.

त्यांच्या हाती काय द्यायला हवं? एक बारकावा सांगतो. खालचा मुलगा हात-गुडघे टेकून बसला की त्याचे हात खांद्याखाली सरळ आणि मांड्या कमरेखाली सरळ हव्यात. वरच्याने गुडघे टेकायचे ते त्याच्या ढुंगणाच्या हाडावर, आणि हात खांद्यांवर. म्हणजे वजन सरळ हातापायांतून जमिनीत उतरतं. मैदानावर हमखास दिसतं ते उलटं: वरचं मूल घाईत पाठीच्या मधोमध गुडघा रोवतं, खालच्याची कंबर वाकते, तोंड वेडंवाकडं होतं, आणि सर ओरडतात, ‘हलू नको!’ ते पोर हलतं, कारण त्याचा मणका दबतो आहे. उतरतानाचंही तसंच. वरून खाली, एकेक थर, ज्या वाटेने चढला त्याच वाटेने, आणि प्रत्येकाचा पाय जमिनीला लागेपर्यंत खालच्याने जागा सोडायची नाही. काही शाळांत शिट्टीसरशी सगळ्यांनी एकदम अंग टाकून सपाट होण्याची पद्धत आहे, तिला टाळ्याही भरपूर पडतात. ती पद्धत आजच थांबवावी. सगळ्या थरांचं वजन क्षणात तळाच्या मधल्या मुलाच्या छातीवर येतं.

पोशाखाचा वादही याच तराजूत तोलला पाहिजे. चौकातल्या पथकांना टी-शर्ट मिळतात ते बहुधा प्रायोजकाकडून. छातीवर त्याचं नाव, पाठीवर फोटो, कापड गुळगुळीत सिंथेटिक. त्यावर पाण्याचा मारा झाला की खांद्यावरचा तळवा सरकतो. कॅटालोनियातला गडी कमरेला लांबलचक कापडी पट्टा घट्ट गुंडाळतो. त्याने कंबर सावरली जाते आणि चढणाऱ्याला पाय रोवायला पायरीही मिळते. पथकाचा रंग सदऱ्यात दिसतो, पण पोशाखातला महत्त्वाचा भाग तो पट्टा. आपल्या आखाड्यातल्या गड्यांना कमरेला कापड कसून बांधणं नवीन नाही. जाड सुती बंडी आणि कमरेला कसलेला सुती पंचा एवढा पोशाख कोणत्याही मंडळाला परवडेल.

मुलींच्या बाबतीत चर्चा लगेच शरीर किती झाकलं यावर जाते. ती केवळ आपल्याकडेच जाते असं नाही. अमेरिकेत चिअरलीडिंग हा आता मोठा स्पर्धात्मक खेळ आहे. त्याच्या जागतिक संघटनेला 2021 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची पूर्ण मान्यता मिळाली. 2006 मध्ये बास्केटबॉलच्या सामन्यात एक विद्यार्थिनी मनोऱ्यावरून डोक्यावर पडली, आणि कडक लाकडी मैदानावर मुलीला हवेत उंच उडवून झेलण्यावर आणि मॅटशिवाय उंच मनोरे लावण्यावर बंधनं आली. त्याच क्षेत्रात पोट उघडं दिसावं की नाही आणि डोक्यावरचा फितीचा गुच्छ किती मोठा असावा यावरही वाद झाले. फितीच्या आकाराचा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण झेलणाऱ्याच्या डोळ्यांवर तो गुच्छ आला तर मुलगी खाली पडते. पोशाखाचा नियम कशासाठी करायचा, हे यातून कळतं.

मल्लखांबात हा प्रश्न आणखी अवघड होतो, कारण तिथे पकड कातडीची असते. एरंडेल लावलेल्या खांबावर मांडी आणि पोटरी उघडी असेल तरच पकड बसते. म्हणून मुलगे लंगोटावर किंवा जांघियावर चढतात आणि मुली अंगाबरोबर बसणारा, पाय मोकळे ठेवणारा पोशाख घालतात. दोरीवरच्या मल्लखांबात पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत दोरी धरावी लागते. त्याच दोरीवरून हिमानी परब 2021 च्या अर्जुन पुरस्कारापर्यंत पोचली. 2019 मध्ये मुंबईच्या शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली, 2024 मध्ये मल्लखांब प्रशिक्षक उदय देशपांडे यांना पद्मश्री मिळाली. खेळाला प्रतिष्ठा आली. तरीही लहान गावात मुलगी सातवी-आठवीत गेली की घरचे तिचा सराव बंद करतात, आणि कारण पोशाखाचं सांगतात. त्यांना नुसतं मागासलेलं म्हणून काही साधत नाही. सराव मोबाइलच्या गर्दीपासून दूर ठेवा, शिकवणारी बाई असू द्या, कातडी का उघडी लागते ते आईला सरावाला बोलावून दाखवा. शाळेच्या मनोऱ्यात तर तीही अडचण नाही. ट्रॅक पँट, आत खोचलेला सुती टी-शर्ट, घट्ट बांधलेली वेणी, अनवाणी पाय. बांगड्या, कानातले, ओढणी बाजूला. एवढ्यात मुली मुलांइतकाच उंच मनोरा लावतात.

राहिली जमीन. आपली काळी माती जानेवारीत वाळून कडक होते, शाळांच्या मैदानांवर मुरूम असतो, चौकात सिमेंट. मॅट विकत घेणं प्रत्येक शाळेला जमणार नाही हे मान्य. पण कुस्तीची तालीम अनेक गावांत अजून आहे. खणून भुसभुशीत केलेली, तेल-ताक-हळद पाजलेली आखाड्याची माती पडणाऱ्याला झेलण्यासाठीच राखलेली असते. सराव तिथे करा. वस्तादाला चार दिवस सरांच्या जोडीला उभं करा, तोल आणि पडणं या दोन्ही गोष्टी त्याला ठाऊक असतात.

येत्या 26 जानेवारीची तयारी करणाऱ्या मुख्याध्यापकांना आणि पुढच्या गोकुळाष्टमीला हंडी बांधणाऱ्या मंडळांना माझी विनंती आहे. शाळेत तीन थरांच्या वर जाऊ नका. वयाचा दाखला सरावाच्या पहिल्या दिवशीच बघा. पडलेल्या प्रत्येक मुलाची नोंद वहीत करा, आणि ती वही शिक्षण विभागाने मागवावी. आणि बक्षिसाची रक्कम जाहीर करायची ती शेवटचा गडी जमिनीवर उतरल्यानंतर.