‘सेट’ : एक शब्द, दोन घराणी

इंग्रजीतला सर्वाधिक अर्थांचा शब्द कोणता, या प्रश्नाला ‘सेट’ हे उत्तर ठरून गेले आहे. १९८९ च्या ऑक्सफर्ड कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीत या क्रियापदाचे सुमारे ४३० अर्थ होते आणि नोंदीचा विस्तार ६०,००० शब्दांचा होता. २०११ मध्ये ‘रन’ ६४५ अर्थांनिशी पुढे गेला. या आकड्यांचे कौतुक आम्हांस फारसे वाटत नाही. कोशकाराने छटा वेगळ्या मांडल्या म्हणून शब्दाचे मूळ विभागले जात नाही.

प्राचीन इंग्रजीत ‘सेट’ हे ‘सिट’ म्हणजे बसणे या क्रियापदाचे प्रयोजक रूप होते. अर्थात आपले ‘बसवणे’. हाड बसवायचे असो वा कोंदणात हिरा, इंग्रज ‘सेट’च म्हणतो. रंगभूमीवर मांडलेला देखावाही त्यातूनच आला. संस्कृत ‘सद्’ धातू याच कुळातला. ‘सदन’, ‘परिषद’, ‘उपनिषद’ हे त्याचे गोत्रज. (सूर्य मात्र इंग्रजांचा ‘बसतो’, आपला मावळतो.)

चहाच्या कपबश्यांचा ‘सेट’ मुळात दुसऱ्याच घराण्यातला आहे. लॅटिन ‘सेक्टा’ म्हणजे अनुयायांचा पंथ. तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत उतरला आणि तिथल्या क्रियापदाच्या सहवासाने त्याला ‘एकत्र मांडलेले’ हा अर्थ चिकटला. ‘अनुसरणे’ या त्याच्या मूळ अर्थाशी संस्कृत ‘सच्’ धातूचे नाते आहे. त्यातूनच ‘सचिव’ आला. ‘सेट’ला आपण ‘संच’ म्हणतो तेव्हा ध्वनिसाम्यामुळे फसगत होते. ‘संच’ ‘चि’ म्हणजे गोळा करणे या धातूचा, त्याचा इथे काही संबंध नाही.

हल्ली आपल्या घरांतून ‘मुलगा हैदराबादेत सेट झाला’ असे ऐकू येते आणि वडीलधारी कपाळाला आठ्या घालतात. शब्द परका म्हणून आमची तक्रार नाही. मूळ पाहता तो ‘बसण्या’चाच. तक्रार आहे ती त्यामागे झाकल्या जाणाऱ्या शब्दाची. बडोद्यास, इंदुरास, ग्वाल्हेरीस आलेल्या आपल्या पूर्वजांचे ‘बस्तान बसले’ असे आपण सांगत आलो. त्यात उधारी होती, भाड्याची खोली होती, पहिल्या गणपतीला जमलेली चार माणसे होती. बस्तान बसायला वर्षे लागत. ‘सेट’ व्हायला नेमणुकीचे पत्र पुरते. कोशात हे दोन शब्द पर्याय म्हणून शेजारी छापले गेले, तर ती नोंद आम्ही अपुरीच समजू.