इतिहासाची बगरूत आणि आपल्यावरची तीन पुस्तके

इतिहास पाच युनिटांचा घेणारी, किंवा त्या विषयात अवोदात ग्मार लिहिणारी नातवंडे आपल्या समाजात आहेत. शाळेचे पुस्तक शाळा ठरवते, तिथे आजी-आजोबांचे काही चालत नाही. पण “सबा, आपल्या लोकांवर काय वाचू?” असे नातवाने विचारले, तर कपाटातून काय काढून द्यावे हे आपल्या हातात आहे. आपला हात बहुधा आधी केहिमकरांच्या पुस्तकाकडे जातो. आमच्या मते तो शेवटी जावा.

हाइम शमुएल केहिमकर यांनी ते पुस्तक १८९७ मध्ये पुरे केले आणि ते छापले गेले १९३७ मध्ये, तेल अवीवला. चाळीस वर्षे हस्तलिखित तसेच राहिले. आपल्या चालीरीती, लग्नविधी, पलटणीतील आपली माणसे, हे सारे त्यांनी जपले नसते तर आज कोणाला विचारणार होतो? पण नवगावजवळ फुटलेले गलबत, वाचलेली सात जोडपी आणि इ. स. पूर्व १७५ च्या सुमाराचा काळ ही आपली परंपरा आहे. मुलाने ती घडलेली गोष्ट म्हणून लिहिली की परीक्षक पुरावा मागणार, आणि मागायलाच हवा. “बेने इस्राएल समाजाची परंपरा असे सांगते” एवढे वाक्य आधी घातले की भागते. त्यात परंपरेचा अपमान नाही.

सुरुवात शर्ली बेरी आयझेनबर्ग यांच्या १९८८ च्या ग्रंथापासून करावी. बाई समाजाबाहेरच्या, पण त्यांनी माहिती जमवली ती घरच्या माणसासारखी. कुठलेही पान उघडावे, काहीतरी हाती लागतेच. उणीव हीच की सगळ्यालाच जागा दिल्यामुळे मोठे काय नि किरकोळ काय, हे मुलाला स्वतः ठरवावे लागते.

परीक्षेला खरा उपयोग जोन रोलंड यांच्या १९८९ च्या पुस्तकाचा. ब्रिटिश अमलातले यहुदी हा त्याचा विषय. वाचायला जड आहे, इंग्रजीही सोपे नाही. तरी बगदादी यहुद्यांनी आपल्याला दूर का ठेवले, याचे उत्तर तिथे रागाने दिलेले नाही. गोऱ्या सत्तेखाली आपण युरोपियनांत मोजले जावे, ही त्यांची धडपड होती. आपल्याशी जवळीक त्या धडपडीच्या आड येत होती. घटनेमागचे कारण असे दाखवता आले की उत्तराला गुण मिळतात. घरात आपण मात्र अजून “ते गर्विष्ठ होते” यावरच थांबतो.

आता आपली स्वतःची पाने. आलियानंतरच्या अन्यायावर प्रश्न आला की मुले वादी सालिब, १९५९, आणि ब्लॅक पँथर्स, १९७१, एवढे लिहून मोकळी होतात. मधले १९६२ ते १९६४ त्यांना ठाऊक नसते. मुख्य रब्बीनातीने १९६२ मध्ये आपल्या लग्नांसाठी पूर्वजांच्या चौकशीचा आदेश काढला. त्याविरुद्ध आपली माणसे यरुशलेमला धरणे धरून बसली. ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने आपण सर्व बाबतींत यहुदी आहोत असे ठरावाने सांगितले, आणि त्यानंतर आदेशातून आपल्या समाजाचे नाव गेले. नागरी हक्क आणि धर्मसत्ता यांवरचा याहून चांगला नमुना नातवाला कुठे मिळणार?

त्या धरण्यात बसलेले काही वाचक आजही हे मासिक वाचत असतील. त्यांनी नातवाला सांगताना स्वतः पाहिलेले आणि नंतर ऐकलेले वेगवेगळे सांगावे. फोटो असेल तर मागे तारीख व गाव लिहावे. बोलणे मराठीतच होऊ द्यावे. मूल ते हिब्रूत लिहील. शेजारी मूळ मराठी शब्दही लिहायला सांगावे.