अंगठ्याची वाट

गिटारची मान पाठीकडून कुणी पाहत नाही. ऐकायला बसलेल्यांना दिसतात ते पडदे, शिंपल्याचे ठिपके, तारा आणि तारांवरून धावणारी बोटं. मागची बाजू वाजवणाऱ्याच्या तळहातात झाकलेली असते आणि तिला एकच वाचक असतो, त्याचा अंगठा. मला त्या पाठीविषयी लिहायचं आहे. बेळ्ळंदूरमधल्या एका फ्लॅटच्या बाल्कनीत माझ्या भाच्याने एक मान हाताने कोरली. गेल्या पावसाळ्यात आठ दिवस ती माझ्या हाताशी होती, आणि एखादी कविता परत परत काढून वाचावी तशी ती मला दर वेळी थोडी वेगळी लागली.

गिटारवाले तिला नेकच म्हणतात. मी मान म्हणतो. मी सांगलीचा, मिरजेच्या सतारमेकर गल्लीत लहानपणापासून जाऊन-येऊन असलेला; तिथे सतारीच्या आणि तंबोऱ्याच्या याच भागाला दांडी म्हणतात. दांडी हा शब्द लाकडाचा आहे, मान हा शरीराचा. सतारीचे पडदे दोऱ्याने दांडीला बांधलेले असतात, त्यामुळे दांडीच्या मागे सरकणाऱ्या अंगठ्याला दर थोड्या अंतरावर दोऱ्याचा वेढा लागतो. गिटारचे पडदे पुढून पट्टीत ठोकलेले असतात. पाठ पूर्ण मोकळी. म्हणूनच तिथे काहीही लपत नाही.

लाकूड आमच्या घरचं आहे. २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी आमच्या जुन्या घराच्या माळवदापर्यंत चढलं, आणि पुढल्या वर्षी ते घर उतरवावं लागलं. दाराच्या सागवानी चौकटीची वरची पट्टी भाच्याने मागून घेतली आणि रात्रीच्या बसमध्ये पायाशी ठेवून बेंगळुरूला नेली. बेळ्ळंदूरच्या जुन्या वस्तीत एका सुताराने ती चिरून दिली. तिकडे सुताराला आचारी म्हणतात. आपल्याकडे आचारी म्हटलं की चूल आणि कढई डोळ्यांपुढे येते, त्यामुळे ‘आचारीकडे लाकूड दिलंय’ हे वाक्य मला फोनवर दोनदा ऐकावं लागलं होतं. सागवान मानेसाठी फारसं कुणी वापरत नाही. मॅपल किंवा महोगनी ही रूढ लाकडं. सागात तेल असतं, ते थिनरने पुसून काढल्याशिवाय सरस धरत नाही, आणि त्यातल्या वाळूसारख्या कणांनी पात्याची धार लवकर जाते. पण पुरात भिजून, वाळून, साठ-सत्तर वर्षं दारावर टिकलेलं ते लाकूड आता हलायचं थांबलेलं होतं, आणि मानेला तेच हवं असतं. पडदे ठोकलेली पुढची पट्टी शिसवीची आहे. ब्राझीलच्या शिसवीचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९९२ मध्ये बंद झाला, पण त्याच्या आधीपासूनच जगभरचे गिटारवाले आपल्या दक्षिणेतल्या शिसवीकडे वळले होते. दूरदेशीच्या कितीतरी गिटारींवर बोटं ठेवली जातात ती आपल्या जंगलावर.

भाचा दिवसभर आउटर रिंग रोडवरच्या एका कंपनीत असतो. सोसायटीत संध्याकाळनंतर यंत्र लावायला मनाई, म्हणून सगळं काम रंधा, पटाशी, कानस आणि पॉलिश पेपर यांवर. मला वाटतं त्या मनाईने या मानेचं भलंच केलं. कानशीचा आवाज शेजारी पोचत नाही. बाल्कनीतून बेळ्ळंदूरचं तळं दिसतं, ज्याच्या पाण्यावरच्या फेसाने २०१५ मध्ये पेट घेतला होता ते; वारा तिकडून आला की दार लोटून घ्यावं लागतं, आणि मग खोलीत फक्त सागाचा वास उरतो.

काम कसं चालतं ते सांगितल्याशिवाय त्यातली गोडी सांगता येणार नाही. सुरुवातीला पाठ चौकोनी असते. आत, पट्टीच्या खाली, एक पोलादी सळई आधीच बसवलेली असते. तिला ट्रस रॉड म्हणतात. सहा तारा चढवल्या की मानेवर सुमारे ४५ किलोचा ओढा येतो, तो ही सळई तोलते. या मानेची रुंदी वरच्या टोकाला ४३ मिलिमीटर आणि धडाकडे ५६. जाडी पहिल्या पडद्याशी २१ ठरवलेली, बाराव्याशी २३. भाचा आधी या दोनच जागा कोरतो. कापलेल्या पुठ्ठ्याचा साचा लावून बघायचा, उजेड कुठून डोकावतो ते पाहायचं, तिथून कानशीचे दोन हात कमी करायचे. असं करत दोन्ही ठिकाणी हवी ती कमान उमटते. मग मधला सगळा भाग उरतो, फूटभर लांब, आणि त्याला साचा नाही. कोपरे छाटून आधी पैलू पाडायचे, पैलूंचे कोपरे छाटून आणखी बारीक पैलू, असं करत एका क्षणी पैलू मोजता येईनासे होतात.

दोन टोकांच्या कमानी ही वृत्ताची बंधनं आहेत. ती कुणालाही पाळता येतात. पहिल्या पडद्याशी पाठ किंचित टोकदार, अंगठा मधोमध टेकावा अशी. बाराव्याशी ती पसरट, कारण तिथे वाजवणाऱ्याचा तळहात फिरतो आणि अंगठा बाजूला सरतो. टोकदारपण संपून पसरटपण नेमकं कुठे सुरू होतं? हे बोट ठेवून दाखवता आलं तर मान फसली. डोळे मिटून मी अंगठा वरपासून खाली नेला, शंभरदा तरी नेला असेन. तिसऱ्या पडद्याशी कणा जाणवतो. सातव्याशी तो जाणवतो की आठवतो हे सांगता येत नाही. नवव्याशी तो नसतो. चांगला गवय्या एका स्वरावरून दुसऱ्यावर मींडेने येतो तेव्हा आपल्याला दोन्ही स्वर कळतात आणि मधली वाट कळत नाही, तसं. गाण्यात आपण ‘जागा’ म्हणतो. या मानेतली माझी आवडती जागा सहाव्या आणि आठव्या पडद्यांच्या मधली ती दोन इंचांची आहे.

हे टोकदार वळण भाच्याने गिटारवादक एरिक क्लॅप्टनच्या ‘ब्लॅकी’वरून घेतलं. क्लॅप्टनने १९७० मध्ये नॅशव्हिलमधून जुन्या फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटारी घेतल्या, तीन मित्रांना वाटल्या आणि उरलेल्या तिघींचे उत्तम भाग जोडून एक गिटार बनवली, तीच ही. २००४ च्या लिलावात तिला ९ लाख ५९ हजार ५०० डॉलर मिळाले. तिच्या मानेची पाठ इंग्रजी व्ही अक्षरासारखी, पण टोक घासून मऊ केलेली. या अक्षरांची एक वर्णमालाच आहे: सी, डी, यू, व्ही. मला ती अपुरी वाटते. अक्षर हे एका ठिकाणच्या छेदाचं नाव आहे. मान ही वाट आहे, आणि वाटेचं वर्णन एका छेदाने होत नाही.

त्या जुन्या स्ट्रॅटोकास्टरच्या काळच्या फेंडरच्या मानांविषयी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. लिओ फेंडर स्वतः गिटार वाजवत नसे. त्याने मान चार स्क्रूंनी धडाला जोडली, खराब झाली तर बदलता यावी म्हणून. इतका कोरडा, कामाचा विचार. त्याच्या सुरुवातीच्या माना एकसंध मॅपलच्या, वेगळी पट्टी नसलेल्या. सळई पाठीकडून घातलेली आणि तो चर अक्रोडाच्या गडद लाकडाने बुजवलेला. पाठीवरची ती रेघ म्हणजे उघड दिसणारी शिवण. पण शेवटचा गोलवा मात्र कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनच्या कारखान्यात कामगार हाताने देत, फिरत्या सँडरच्या पट्ट्यावर मान धरून. तादेओ गोमेझ हा त्यातला एक. मानेचा जो भाग धडाच्या खोबणीत दडतो तिथे तो पेन्सिलीने टी. जी. आणि तारीख लिही. मान सोडवल्याशिवाय ती अक्षरं दिसत नाहीत. आज जाणकार ती शोधतात, पण मला वाटतं खरी सही खोबणीत नसून पाठीच्या गोलव्यात आहे, आणि ती हजारो अंगठ्यांनी न वाचता वाचलेली आहे.

आमच्या सागवानी मानेचं खरं नातं मात्र वेगळ्याच मानेशी आहे. ऑगस्ट १९६३. लंडनच्या कडेचं फेल्टम, सोळा वर्षांचा ब्रायन मे, आणि इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर असलेले त्याचे वडील हॅरॉल्ड. गिटार विकत घेण्याइतके पैसे नाहीत, म्हणून बापलेकांनी ती बनवायला घेतली आणि जवळजवळ दोन वर्षं बनवली. मान एका जुन्या शेकोटीच्या महोगनी चौकटीची, कुणी टाकून देत होतं त्या लाकडाची. त्याला लाकूड पोखरणाऱ्या किड्यांची भोकं होती. ब्रायनने ती काडेपेटीच्या काड्यांनी बुजवली. पट्टीवरचे ठिपके आईच्या बटणांच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांचे. ती मान भलतीच जाड आणि रुंद आहे. कुठल्याही कारखान्याने अशी विकली नसती. पण तो मुलगा त्याच मानेवर वाढला, त्याचा हात तिच्या मापाने घडला, आणि क्वीन या बँडच्या १९७३ च्या पहिल्या रेकॉर्डपासून तीच गिटार त्याच्या हातात आहे. हात आधी की मान आधी, हा प्रश्न मला त्या गिटारमुळे पडला. आपण म्हणतो मान हाताला बेतली. काही वेळा हातच मानेला बेततो.

आता पाचव्या पडद्याविषयी. माझ्या मुक्कामाच्या तिसऱ्या दिवशी भाच्याने कोरी मान माझ्यापुढे धरली.

“मामा, इथे तुला काही लागतं का?”

लागत होतं. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, पण अंगठा तिथे क्षणभर खाली उतरत होता. त्याने टेबलावरचा दिवा अगदी खाली, लाकडाच्या पातळीत आणून ठेवला आणि आडव्या उजेडात तो खळगा सावलीसारखा उमटला. लांबीने करंगळीएवढा, खोलीने चार-पाच कागदांएवढा. पैलू पाडताना कानशीचे हात तिथे जास्त पडले होते. लाकूड परत लावता येत नाही. मग एकच उपाय: उरलेली सगळी मान त्या खळग्याच्या पातळीला उतरवायची. पण खाली सळईचा चर होता, आणि मधोमध लाकूड जेमतेम पाच-सहा मिलिमीटर. त्यातलं अर्धं मिलिमीटर द्यायचं की खळगा ठेवायचा, यावर तो दोन रात्री काहीच न करता नुसता मान हातात घेऊन बसला. तिसऱ्या रात्री त्याने पूर्ण पाठीवर पेन्सिलीने गिरगटलं आणि गिरगटा सगळीकडे सारखा पुसला जाईपर्यंत रंधा ओढला. पहिल्या पडद्याशी २१ चे साडेवीस झाले.

मी वर ज्या जागेचं इतकं कौतुक केलं ती या अर्ध्या मिलिमीटरने घडली. आधी कणा आठव्या पडद्यापर्यंत स्पष्ट होता, थोडा हट्टी. सगळी पाठ उतरवताना तो सातव्याशीच विरघळला. ठरवून हे झालं नाही, आणि तरीही तो त्याच्या हाताचाच निर्णय आहे. खळगा ज्या हाताने पडला त्याच हाताने तो वाटेत सामावून घेतला. गोमेझच्या काळातही हेच होत असणार. सारख्या मापाच्या माना एकमेकींसारख्या का नसत, याचं उत्तर मला त्या रात्री त्या बाल्कनीत मिळालं.

पाठीला भाच्याने लॅकर दिलं नाही, नुसतं तेल चोळलं. म्हणजे जिथे अंगठा जास्त फिरेल तिथे साग आधी काळवंडेल आणि वाट दिसू लागेल.

एक गोष्ट राहिली. बाराव्या पडद्याच्या पुढे, मान धडात उतरते त्याच्या जरा आधी, पाठीवर शिसवीची एक बारीक खुंटी आहे, ज्वारीच्या दाण्याएवढी. तिथे चौकटीवरचा तोरणाचा खिळा होता. लोखंडाने सागावर निळसर-काळा डाग पडतो, तो खुंटीच्या भोवती अजून आहे. भाच्याने मुद्दाम घासून काढला नाही. वर खाली नेताना अंगठ्याला ती खुंटी लागत नाही. फक्त माहीत असलं तर लागते.

निघायच्या आदल्या रात्री तारा चढवल्या. सकाळी उठून त्याने सळईला पाव फेरा दिला, कारण मान रातोरात किंचित पुढे वाकली होती, तशी ती वाकतेच. मग माझ्या आईला व्हिडिओ कॉल लावला आणि नातवाने आजीला मान उलटी करून दाखवली. आईला आता नीट दिसत नाही. तिने एवढंच विचारलं, “खिळा सरळ निघाला का रे? मी दसऱ्याला फार घट्ट ठोकला होता तो.”