जुगाराचा दृष्टान्त आणि हरणाऱ्याचा प्रश्न

पोकरच्या डावात ख्रिस्ती श्रद्धेचे धडे शोधणारी प्रवचने आणि चिंतनिका अमेरिकेत रूढ झाल्या आहेत. हाती येणारी पाने खेळाडू निवडत नाही, ती खेळावी कशी एवढेच त्याच्या स्वाधीन असते. आणि श्रद्धा म्हणजे सर्वस्व पणाला लावणे, हे त्यांचे आशयसूत्र. ज्या इव्हँजेलिकल परंपरेने पत्त्यांना दीर्घकाळ पाप मानले, तिच्यातूनच हे रूपक पुढे यावे ही गोष्ट विचारार्ह आहे; परंतु नैतिक आक्षेप घेऊन तिची वाङ्मयीन परीक्षा पूर्ण होत नाही.

अशा परीक्षेचे एक जुने साधन मराठीपाशी आहे. केसोबासांच्या ‘दृष्टान्तपाठा’ची रचना सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक अशी त्रिपदी आहे. कथेतील कोणता अंश सिद्धान्ताला लागू पडतो याचा निर्वाळा दार्ष्टान्तिकात मिळतो. दृष्टान्त एकदेशी असतो, हे तत्त्व त्यामागे आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या 16 व्या अध्यायातील अप्रामाणिक कारभाऱ्याची कथा याच न्यायाने वाचावी लागते: तेथे प्रशंसा दूरदृष्टीची आहे, अफरातफरीची नव्हे. तेव्हा जुगाराचा दृष्टान्त मुळातच त्याज्य ठरत नाही. त्याचे दार्ष्टान्तिक काय, एवढाच प्रश्न उरतो.

हे रूपक वऱ्हाडात आणले की खेळ बदलतो. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या काठी, पोकर हा शब्द परका वाटेल. पोळ्याच्या सुमारास वऱ्हाडात जे पत्ते बसतात ते तीन पत्तीचे. तीन पत्तीत ‘ब्लाइंड’ खेळण्याची सोय आहे. पाने न पाहता चाल करणारा हा गडी श्रद्धावंताची प्रतिमा म्हणून पोकरपटूपेक्षाही सरस वाटतो, कारण न दिसणाऱ्या गोष्टींविषयीची खात्री हीच इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या 11 व्या अध्यायातील श्रद्धेची कल्पना आहे. पण खेळाचा नियम पुढे आडवा येतो. ब्लाइंड खेळणाऱ्याला चाल निम्म्यात पडते. पाने पाहिलेल्याला किमान दुप्पट रक्कम टाकावी लागते. न पाहण्याला येथे सवलत आहे. त्याच अध्यायातील अब्राहाम कोठे जावयाचे हे ठाऊक नसताना निघतो, आणि त्याला अशी सवलत कोणीही देत नाही.

याहून मोठी अडचण हरणाऱ्याची आहे. टेबलावरील प्रत्येक रुपया कोणाच्या तरी खिशातून आलेला असतो, आणि प्रवचनकाराचे रूपक त्या खिशापाशी थबकत नाही. एकनाथांनी आणि तुकोबांनी अध्यात्मासाठी फुगडी, हमामा, हुतूतू असे खेळ घेतले. त्यांत पण नाही, हा केवळ योगायोग म्हणता येईल काय? ख्रिस्तचरित्रातही सोडतीचा डाव येतो, आणि चारही शुभवर्तमाने त्याची नोंद करतात. क्रुसाखाली शिपाई वस्त्रांसाठी चिठ्ठ्या टाकतात. ख्रिस्त त्या डावात गडी नाही. पणाला लागले आहे ते त्याचे वस्त्र.

वऱ्हाडच्या परंपरेतील खरा प्रतिपाठ मात्र ‘लीळाचरित्रा’त सापडतो. चक्रधरांच्या पूर्वायुष्यात, हरिपाळदेव असताना, द्यूताचे व्यसन आहे. हरलेले देणे फेडण्यासाठी ते पत्नीकडे अलंकार मागतात आणि ती नकार देते. पुढे प्रधान असलेले वडील ते देणे फेडतात, तरी मन विटलेलेच राहते. रामटेकच्या यात्रेचे निमित्त होऊन घर सुटते, आणि वाटेत आजच्या अमरावती जिल्ह्यातील ऋद्धिपूर येथे गोविंदप्रभूंची भेट होते.

म्हाइंभटांच्या संकलनात द्यूताचे रूपक झालेले नाही. ती घडलेली गोष्ट म्हणूनच राहते. देणे फिटल्यावरही वैराग्य टिकते, याचा अर्थ त्याचे कारण रकमेत नाही. दुसऱ्याच्या अंगावरचे मागावे लागले आणि ते मिळाले नाही, या अनुभवात ते आहे. पोकरचे प्रवचन श्रोत्याला टेबलापाशी बसवून ठेवते आणि अधिक धैर्याने खेळावयास सांगते. ‘लीळाचरित्रा’त, पोकरच्या टेबलाला जी ठाऊकच नाही अशी एक व्यक्ती बोलते, आणि तिच्या नकारापासून कथानक वळते.