छायाचित्राचे कर्तृत्व आणि संग्राहकाची जबाबदारी : रोंगरोंग यांच्या 'ईस्ट व्हिलेज' मालिकेच्या निमित्ताने

एखाद्या खाजगी संस्थेने समकालीन कलावंताची छायाचित्रे संग्रहित केली, की चर्चा बहुधा त्यांच्या किमतीची होते. संग्रहणामुळे कलाकृतीच्या अर्थात काय बदल घडतो, हा प्रश्न मात्र मागे राहतो. आर्टुर वॉल्थर यांच्या 'वॉल्थर कलेक्शन' या संस्थेने संग्रहित केलेली चिनी छायाचित्रकार रोंगरोंग यांची मालिका या दृष्टीने विचारणीय आहे.

फूज्येन प्रांतात 1968 साली जन्मलेले रोंगरोंग 1993च्या सुमारास बीजिंगच्या पूर्व सीमेवरील एका दरिद्री वस्तीत राहत होते. तेथे जमलेल्या तरुण कलावंतांनी या वस्तीला 'ईस्ट व्हिलेज' हे नाव दिले. 1994 साली झांग हुआन यांनी अंगाला मध आणि माशांचा द्रव फासून तेथील गलिच्छ सार्वजनिक शौचालयात सुमारे तासभर स्तब्ध बसण्याचा प्रयोग केला. माशांनी वेढलेले ते शरीर आज आपल्याला दिसते ते मुख्यतः रोंगरोंग यांच्या कृष्णधवल छायाचित्रांतून. त्याच वर्षी मा लिउमिंग यांना अटक झाली व कलावंतांची वस्ती पांगली. प्रयोग क्षणात संपला. मागे उरले ते छायाचित्र.

येथेच कर्तृत्वाचा पेच उद्भवतो. ही कलाकृती देह पणाला लावणाऱ्याची, की चौकट, प्रकाश आणि क्षण निवडणाऱ्याची? पुढे कलाबाजारात या छायाचित्रांना मोल आल्यावर श्रेय व हक्क यांवरून वादही झाले. रोंगरोंग यांना केवळ नोंद ठेवणारा मानणे अन्यायाचे ठरेल. त्यांच्या चित्रांत प्रयोगाइतकीच वस्ती, मित्र आणि प्रतीक्षा यांनाही जागा आहे. घटनेच्या पुराव्यापलीकडे जाणारी ही दृष्टी छायाचित्रकाराची स्वतःची आहे.

म्हणूनच या संग्राहक संस्थेने 2019 मध्ये श्टाइडल प्रकाशनासमवेत 'रोंगरोंग्ज डायरी' हा ग्रंथ काढला, हे महत्त्वाचे वाटते. दैनंदिनीतील नोंदी छायाचित्रांशेजारी आल्याने सुट्या, विक्रीयोग्य प्रतिमांना त्यांचा काळ परत मिळाला. मात्र ज्या शहरात ही कला दडपली गेली, त्या शहरापासून ती दूर गेली, ही उणीव ग्रंथाने भरून निघत नाही. रोंगरोंग व त्यांच्या जपानी सहचारिणी इनरी यांनी 2007 मध्ये बीजिंगच्या त्साओछांगती भागात 'थ्री शॅडोज' हे छायाचित्रण केंद्र स्थापन केले, ते या संदर्भात लक्षात घ्यावे लागते. चिनी छायाचित्रणाला चीनमध्येच अभ्यासाचे व प्रदर्शनाचे स्थान मिळावे, हा आग्रह त्यामागे दिसतो.

वॉल्थर यांच्या संग्रहातील 6,500हून अधिक कृती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयास देण्याचे 2025 मध्ये जाहीर झाले. संग्रहालय जितके मोठे, तितका कलाकृतीचा मूळ परिसर पुसट होण्याचा धोका अधिक. तेव्हा संग्रहणाचे मूल्यमापन कृतींच्या संख्येवरून करू नये. छायाचित्रकाराचे नाव, सादरकर्त्याचा सहभाग आणि वस्तीचा इतिहास या तिन्ही गोष्टी चित्राशेजारी टिकतात की नाही, हाच त्याचा खरा निकष होय.