तुंगमागचा खोटा ध्रुव

पुण्यातल्या एका प्रदर्शनात परवा एका भल्यामोठ्या छायाचित्रापुढे मी बराच वेळ थांबलो. पुढ्यात पवना धरणाचं पाणी, पलीकडे तुंग किल्ल्याचा सुळका आणि सुळक्याच्या थेट डोक्यावर ताऱ्यांची एकात एक वर्तुळं. लोक खूश होते. मला संताप आला. पूर्व काठावरून टिपल्याचं खाली लिहिलेलंच होतं. तिथून तुंगकडे पाहणाऱ्याचं तोंड पश्चिमेला असतं आणि पश्चिमेचे तारे वर्तुळं काढत नाहीत; किंचित उजवीकडे कलत, जवळजवळ उभे खाली उतरतात. वर्तुळं ध्रुवाभोवती होतात आणि आपल्या मावळातून ध्रुव क्षितिजापासून जेमतेम १९ अंशांवर दिसतो. या चित्रात तो अर्ध्या आभाळावर चढला होता. दुसऱ्या दिशेचं आभाळ आणून तुंगमागे चिकटवलं होतं आणि हे कुणाला खटकलं नव्हतं.

शटर उघडं ठेवून अंधारात उजेडाने चित्र काढण्याची कला मावळात आता चांगलीच रुजली आहे. मुंबई-पुण्याहून दोन तासांत गाठता येईल असा अंधार आणि त्यात गड, असं दुसरीकडे मिळत नाही. पण या कामाच्या नावावर जे खपतं त्यातलं बरंचसं मी एका दमात बाजूला ठेवतो. खंडाळ्याच्या राजमाची पॉइंटवरून काढलेल्या द्रुतगती मार्गाच्या लाल-पांढऱ्या फिती: एक पाहिली की सगळ्या पाहून होतात. रंगीत नळ्या फिरवून काढलेले पंख आणि हवेत लिहिलेली नावं: १९४९ साली ज्यॉन मिलीच्या कॅमेऱ्यासमोर पिकासोनेही हवेतच रेघ ओढली होती, पण त्या रेघेमागे आयुष्यभर चित्र काढलेला हात होता. आणि लोखंडाची बारीक लोकर पेटवून गरगर फिरवणारे ठिणग्यांचे पाऊस: फेब्रुवारीत डोंगरावरचं गवत वाळून कोळ झालेलं असतं, एका ठिणगीने अख्खी सोंड पेटते. ज्या मुलखातला लोहगड २०२५ साली जागतिक वारसा यादीत गेला, तिथे हा खेळ कुणी कला म्हणून मांडू नये.

उरतं ते एका बॅटरीचं आणि एका फ्रेमचं काम. ते थोडे लोक करतात आणि माझ्या मते या कलेचा खरा जीव तिथेच आहे.

राजमाची किल्ल्याजवळ तळ्याकाठी शंकराचं दगडी देऊळ आहे. मागच्या हिवाळ्यात, अवसेच्या आसपास, तिथे एका तरुण छायाचित्रकाराला काम करताना पाहिलं. आयएसओ १००, एफ/८, शटर चार मिनिटं उघडं. डोक्यावर पुनवेचं चांदणं असतं तर एवढ्याच मापात देऊळ बऱ्यापैकी उजळून आलं असतं. त्या रात्री देवळाच्या जागी नुसता काळा चौकोन आला असता. देवळाचं जे दिसणार ते बॅटरी दाखवेल तेवढंच. त्याने बॅटरीच्या तोंडाला काळ्या कागदाची नळी गुंडाळली, म्हणजे बल्ब कॅमेऱ्याला दिसणार नाही. कपडेही काळे. कॅमेऱ्याजवळ उभं राहून उजेड टाकला की दगड सपाट होतो, म्हणून तो भिंतीलगत गेला आणि बाजूने, अगदी तिरपा झोत सोडत चालू लागला. कुठे थांबला नाही. थांबला असता तर त्याची काळी आकृती चित्रात उमटली असती. शिखरावर झोत जास्त वेळ, उंबऱ्यावर जेमतेम एक श्वास. पहिल्यांदा चौकट पांढरीफट्ट झाली. दुसऱ्यांदा शिखर अंधारातच राहिलं. तिसऱ्यांदा पडद्यावर चित्र उमटलं तेव्हा दगडावरचे टाकीचे घाव एकेक दिसत होते. त्या देवळासमोर दिवसा मी कितीदा तरी बसलो आहे; ते घाव मला कधी दिसले नव्हते. वर प्रत्येक ताऱ्याची बारीकशी रेघ होती, कारण चार मिनिटांत पृथ्वी एक अंश फिरते. एका माणसाचं चालणं आणि पृथ्वीचं फिरणं एकाच वेळी, एकाच कागदावर आलं होतं.

मावळच्या दगडाला हेच काम मानवतं. आपला कातळ काळा, उजेड पिऊन टाकणारा. त्याच्यावर उजेडाचा मारा केला तर तो मुका राहतो. बाजूने हळूहळू उजेड दिला तर बोलतो. म्हणून मला या चित्रांत संयम दिसतो आणि चिकटवलेल्या आभाळांत उतावीळपणा.

कुणी म्हणेल, फ्रेमा जोडणं हे आजचं तंत्र आहे, त्यात गैर काय? गैर जोडण्यात नाही, लपवण्यात आहे. श्रीराम मुरली यांनी अनामलाईच्या जंगलातल्या काजव्यांचे १९ सेकंदांचे ५० एक्सपोजर जोडले आणि हे सोळा मिनिटांचं चित्र आहे हे उघड सांगितलं. २०२३ साली त्याला वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धेत अपृष्ठवंशी प्राण्यांच्या वर्तनाच्या गटातला पुरस्कार मिळाला. राजमाचीच्या काजव्यांची आपल्याकडची चित्रं मात्र तासाभराचे लुकलुकाट एकावर एक रचतात आणि खाली काहीच लिहीत नाहीत. पाहणाऱ्याला वाटतं, झाड असंच एका क्षणी पेटलेलं दिसतं. मग मेअखेरीला, पावसाच्या तोंडावर, गाड्यांची रांग त्या झाडाच्या शोधात निघते. हेडलाइट आणि मोबाइलचे दिवे लावून लोक जंगलात शिरतात. काजव्याचा उजेड म्हणजे नराने मादीला घातलेली साद. त्या सादेवर आपला झोत पडला की ती पोहोचत नाही. प्रौढ काजव्याच्या हाती थोडेच आठवडे असतात; त्यातली वाया गेलेली रात्र पुढच्या वर्षी भरून निघत नाही. चित्रातल्या लपवाछपवीची किंमत तो कीटक मोजतो.

आणि पवनाकाठ? तिथल्या तंबूंच्या रांगांवर रात्रभर जळणारे दिवे पाण्यात पसरतात, तिकोन्याच्या पायथ्यापर्यंत आभाळ करडं होतं. तिथे बॅटरीने दगड रंगवायला गेलो तर कागद आधीच कुणीतरी खरडून ठेवलेला असतो. या कलेला कॅमेऱ्याच्या आधी अंधार लागतो आणि तो संपत चालला आहे. आपण छायाचित्रकार त्यावर बोलत नाही, कारण तिथले तंबू भरतात ते आपलीच चित्रं पाहून.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रदर्शनात लावलेल्या रात्रीच्या प्रत्येक चित्राखाली फ्रेमा किती, मिनिटं किती आणि दिशा कोणती, एवढं लिहिलंच पाहिजे. ते न लिहिणाऱ्याचं चित्र परीक्षकांनी हातात घेऊ नये. आणि काजव्यांच्या दिवसांत राजमाचीच्या रानात आपली बॅटरी पिशवीतच राहू द्यावी. तिथे उजेडाने लिहिणारे आधीपासून कामाला लागलेले असतात. आपण शटर उघडावं आणि त्यांचं लिहून होईपर्यंत अंधारात उभं राहावं.