जात्यावरचा गळा

पिंपरी-चिंचवडचे कारखाने आज चाकणपर्यंत पसरले आहेत. दळण केव्हांच गिरणीवर गेलें. परंतु शेजारच्या मुळशी तालुक्यांतील बायकांच्या ओव्या, हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांच्या श्रमांमुळें, जतन झाल्या असून २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण जीवनाच्या संग्रहांत ऐकावयास मिळतात.

साथीला वाद्य नाहीं. वाद्याविना गाणारा 'पेन मसाला' हा भारतीय वंशाच्या विद्यार्थ्यांचा संच अमेरिकेंत १९९६ सालीं निघाला. पण तोंडानेंच ठेका वाजवून तो प्रत्येक मोकळी जागा बुजवितो. कौशल्य वादातीत, कान मात्र शिणतो. इकडे बाई एक ओळ म्हणून थांबते, सोबतीण ती उचलते, आणि माहेरची आठवण त्या थांब्यांत मुरते. छापील ओवींत हा थांबा कोठें सांपडावा? पाठ्यपुस्तकांसाठीं ओव्या निवडणाऱ्यांनीं हीं मुद्रणें आधीं ऐकावीं, असें आम्हांस वाटतें.